विळ्यासारख्या दऱ्या, दाढेसारखे डोंगर

"तेरुएलला सायकलवर चाललोय," असं धाकट्याने व्हॅलेन्सियातल्या त्याच्या शेजारीणबाईंना सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "स्वेटर घ्या." सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. समुद्रावर लोक अजून डुंबत होते. मी पुण्याहून आलेली, माझ्या दृष्टीने स्पेन म्हणजे ऊन. स्वेटर मी घेतला नाही. पुढचे सहा दिवस धाकट्याचा वापरला आणि तो बिचारा पावसाळी जाकिटात कुडकुडला.

धाकटा, म्हणजे माझा भाऊ, गेली काही वर्षं तिकडे नोकरीला आहे. "ताई, एकदा ये, खरा स्पेन दाखवतो" हे त्याचं दर फोनवरचं पालुपद. माझी सायकल म्हणजे रविवारची, सिंहगड पायथा नाहीतर भोरपर्यंतची. पन्नाशी उलटलीय. वरंधा घाट एकदा चढलेय, तेवढ्या भांडवलावर होकार दिला. त्याची जुनी सायकल मला, नवी त्याला. रेल्वेने सायकलींसकट तेरुएल गाठलं.

पहिला दिवस, शनिवार : तेरुएल ते अल्बार्रासीन

तेरुएल म्हणजे स्पेनमधल्या विनोदांतलं गाव. 'असं काही गाव आहे तरी का?' इथपासून सुरुवात. आडबाजूला, डोंगरात, माद्रिदहून थेट रेल्वेसुद्धा नाही. शेवटी वैतागून इथल्या लोकांनी 1999 मध्ये चळवळच काढली आणि नाव ठेवलं 'तेरुएल एक्सिस्ते', म्हणजे 'तेरुएल आहे'. 2019 मध्ये त्याच नावाने निवडणूक लढवून संसदेत एक जागाही मिळवली. हे मला धाकट्याने चौकात उभं राहून सांगितलं. त्याच चौकात उंच खांबावर मांजराएवढा बैल उभा आहे. तो तोरिको, गावाचं दैवत म्हणा ना. एवढासा बैल, एवढा मोठा खांब, आणि सगळं गाव त्याच्यासाठी जीव टाकणार. 2022 मध्ये उत्सवाचे दोर सोडवताना हा खांबच कोसळला होता. आता पुन्हा दिमाखात उभा आहे.

गावातले विटांचे मनोरे मात्र सावकाश बघा. मुसलमान कारागिरांच्या हातची कला ख्रिस्ती देवळांवर उतरली, तिला मुदेहार म्हणतात. लाल विटांमध्ये हिरव्या-पांढऱ्या चकचकीत फरशा, आणि मनोऱ्याच्या पोटातून रस्ता. 1986 पासून हे जागतिक वारसायादीत आहे. एका मनोऱ्याला लागून इसाबेल आणि दिएगो या तेराव्या शतकातल्या प्रेमिकांची समाधी आहे. त्याने एक चुंबन मागितलं, ती दुसऱ्याची झाली होती म्हणून नाही म्हणाली, तो तिथेच गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रेताचं चुंबन घेऊन तीही गेली. संगमरवरासारख्या पांढऱ्या दगडात दोघं शेजारी निजलेत. एकमेकांकडे हात पुढे केलेत, पण बोटं टेकत नाहीत. शिल्पकाराने ते अर्धा इंच अंतर ठेवलं ते बरं केलं.

अल्बार्रासीन अडतीस-एक किलोमीटर. सुरुवातीचा भाग उघडा, कापणी झालेल्या शेतांचा, आपल्या जेजुरी-मोरगावकडच्या माळासारखा. हेआ नावाच्या गावापासून ग्वादालाव्यार नदीची साथ सुरू होते आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ यायला लागतात. या भागातून रोमन लोकांनी पहिल्या शतकात कालवा नेला होता, सुमारे पंचवीस किलोमीटरचा, कित्येक ठिकाणी अख्खा खडक पोखरून. काही ठिकाणी त्या बोगद्याला खिडक्या आहेत. आत वाकून उभं राहिलं की भिंतीवर छिन्नीचे घाव हाताला लागतात.

मग एका वळणावर अल्बार्रासीन दिसलं आणि मी ब्रेक दाबला. नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेला खडक, त्यावर गुलाबी-तांबूस घरांची रास, आणि मागच्या डोंगरावर गावापेक्षाही वर चढत गेलेली तटबंदी. माणसंच राहत नसलेल्या डोंगराला तट कशाला, असा प्रश्न पडला. उत्तर सोपं निघालं. वरून कुणी धोंडे टाकू नयेत म्हणून. आपल्या किल्ल्यांवर हे शहाणपण आपण पाहिलेलंच आहे.

दुसरा दिवस, रविवार : अल्बार्रासीन

बानू राझीन हे इथलं बर्बर राजघराणं, त्यावरून गावाचं नाव. घरांचा तो रंग रंगाचा नाहीच, इथल्याच मातीतल्या लालसर जिप्समचा गिलावा आहे तो. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, आणि वरचे मजले इतके पुढे काढलेले, की समोरासमोरची छपरं एकमेकांच्या कानात बोलत असावीत. दारांवरच्या कड्या बघत फिरा. पालीसारख्या दिसणाऱ्या छोट्या लोखंडी ड्रॅगनच्या आहेत. मला पाल आवडत नाही, पण या आवडल्या.

दुपारी गावाबाहेरच्या रोदेनोच्या पाइनवनात गेलो. लाल वालुकाश्म, त्यावर उभे पाइन, आणि पाठीवर गाद्या बांधून हिंडणारी पोरं-पोरी. गाद्या धोंड्याखाली टाकायच्या आणि दोराशिवाय धोंडा चढायचा. युरोपभरातून लोक इथे त्यासाठी येतात. त्याच धोंड्यांच्या कपारीत हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बैल काढून ठेवलेत, तेही पांढऱ्या रंगात. लोखंडी जाळीतून बघावे लागतात. उन्हाची तिरीप बाजूने आली की दिसतात, नाहीतर नुसता दगड.

आता जेवणाचं. मी अंडं खाते, मांस-मासे खात नाही, आणि तेरुएल प्रांत हॅमसाठी प्रसिद्ध. "मांस नको" म्हटलं की आश्वासक मान हलते आणि ताटात भाजीवर हॅमचे तुकडे पेरून येतात, कारण हॅम म्हणजे मांस असं इथे कुणी धरत नाही. म्हणून "मांस नको, हॅम नको, ट्यूना नको" अशी यादीच म्हणायची. बटाट्याचं जाड ऑम्लेट, मेंढीचं चीज, टोमॅटो, पाव यांवर मजेत निभतं. आणि मीगास विचारा. शिळ्या पावाचा चुरा पाणी शिंपडून, ऑलिव्ह तेल आणि भरपूर लसणात परततात, वर द्राक्षं. मेंढपाळांचं खाणं हे. डुकराच्या मांसाचे तुकडे वगळून मागितलं. पहिला घास घेतला आणि मी धाकट्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आईचा कुस्करा." तंतोतंत. फक्त मोहरी-हळद नाही. आई रात्रीच्या पोळ्या उरल्या की करायची तो.

रविवारी दुपारी गाव माणसांनी फुललेलं होतं. संध्याकाळी सातला गाड्या परत गेल्या आणि आमच्या पावलांचा आवाज आम्हालाच ऐकू यायला लागला.

तिसरा दिवस, सोमवार : अल्बार्रासीन ते त्रागासेते

सगळ्यात लांब, सगळ्यात चांगला आणि नियोजनात सगळ्यात गाढवपणाचा दिवस. साठेक किलोमीटर, जवळजवळ सगळा चढ आधी. सकाळी निघताना तीन अंश होतं. तेरुएल, कालामोचा आणि मोलिना या तीन गावांना स्पेनचा 'थंडीचा त्रिकोण' म्हणतात. कालामोचाला 1963 च्या डिसेंबरात उणे 30 नोंदवलंय. शेजारीणबाईंचा स्वेटर आठवला.

रोयुएलाच्या पुढे रस्त्यालगतच एक धबधबा, मग कालोमार्दे, आणि त्यानंतर ओस. 'ओस' म्हणजे विळा. नदी खडकातून विळ्यासारखी वळत जाते म्हणून इथे अशा घळीला सरळ विळाच म्हणतात. आणि माथा सपाट असलेल्या डोंगराला म्हणतात 'म्वेला', म्हणजे दाढ. दाढा आणि विळे, बस्स, सगळ्या मुलखाचं वर्णन झालं. घळीत सायकल ढकलत आत गेलो. भिंतीला लाकडी फळ्यांची वाट ठोकलेली, खाली बोटभर पाणी, वर आकाशाची चिंधी.

गाढवपणा असा, की आम्ही खाणं बरोबर घेतलं नव्हतं. वाटेत गावं आहेत, गावात बार असतो, बारमध्ये ऑम्लेट असतं, असा हिशेब. पण सोमवार. पहिल्या गावात बार बंद, दुसऱ्यात दुकान बंद. पिशवीत चार बिस्किटं. फ्रिआसच्या चढावर माझे पाय लटपटायला लागले. गावात शिरलो तर चिटपाखरू नाही, खिडक्या मिटलेल्या. तेवढ्यात मोठ्याने हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि वळणावरून एक पांढरी व्हॅन आली. कुठल्या कुठल्या दारांतून पाच-सहा आज्या बाहेर आल्या, पिशव्या घेऊन. पाववाला! ज्या गावांत बेकरी उरली नाही तिथे पाव असा फिरतो. आम्ही रांगेत उभे राहिलो. एका आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, धाकट्याला काहीतरी दरडावलं, आणि घरातून तीन टोमॅटो, लसणाची पाकळी आणि तेलाची बाटली घेऊन आली. पाव कापायचा, त्यावर लसूण घासायचा, मग अर्धा टोमॅटो घासायचा, तेल, मीठ. कारंज्याच्या कट्ट्यावर बसून मी अर्धा पाव एकटीने संपवला. ती काय दरडावत होती ते नंतर कळलं. "बहिणीला उपाशी चढवतोस?"

(तर सांगायचं म्हणजे : रविवारी-सोमवारी या भागात एका वेळचं पूर्ण जेवण सामानात ठेवा. दुकानं दुपारी दोन ते पाच बंदच. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊच्या आधी नाही. आठ वाजता भूक लागली तर ती आपली अडचण. दुपारचं 'मेनू देल दिआ' म्हणजे दोन पदार्थ, गोड, पाव आणि पाणी किंवा वाइन, साधारण 15 ते 18 युरोत. आम्ही दिवसाचं मुख्य जेवण तेच करायचो. गावातल्या कारंज्यांचं पाणी बहुतेक ठिकाणी गोड आणि गार, पण पाटीवर 'नो पोताब्ले' असेल तर ते पिण्याचं नाही.)

फ्रिआसच्या पुढे जंगल विरळ होतं आणि गवताळ पठार लागतं. या डोंगरांचं नाव 'मोन्तेस उनिव्हर्सालेस', विश्वाचे डोंगर. नाव ऐकून हसू येतं, पण उभं राहून पाहिलं की फारसं चुकलेलं वाटत नाही. इथला एक उतार अटलांटिकला पाणी देतो, दुसरा भूमध्य समुद्राला. ताहो नदी इथेच उगवते आणि हजार किलोमीटरांवर लिस्बनला जाऊन समुद्राला मिळते. उगमाशी 1974 मध्ये उभारलेलं लोखंडी शिल्प आहे. दाढीवाला नदीबाबा, शेजारी तीन प्रांतांची चिन्हं. आणि प्रत्यक्ष उगम? दगडांमधून तांब्याभर पाणी. त्र्यंबकला, महाबळेश्वरला उगम पाहिलेल्या माणसाला गर्दी, घंटा, निदान एखादं गोमुख अपेक्षित असतं. इथे एक फुलपाखरूही नव्हतं. मी आपला वाकून नमस्कार केला. नदी ती नदी.

तिथून थोडं पुढे मेंढरं दिसली. सात-आठशे तरी असावीत, मध्ये दोन मोठाली कुत्री आणि एक साठीचा मेंढपाळ, कानाला मोबाइल. धाकट्याने बोलणं काढलं. नोव्हेंबरात थंडी पडली की हा माणूस मेंढरं घेऊन चालत दक्षिणेला, हाएन प्रांतात जातो. महिनाभर चाल. मे-जूनमध्ये परत. आता बहुतेक जण ट्रकने नेतात, तो आणि काही मोजके अजून पायी. मेंढरांच्या वाटा कायद्याने राखीव आहेत, मोठ्या वाटेची रुंदी 75 मीटर. "कागदावर," तो म्हणाला, आणि थुंकला.

मी फोनवर आमच्या धनगरांचे फोटो काढून दाखवले. फलटणकडून घाट उतरून कोकणात निघालेला वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तांडा, घोड्यावर सामान, सामानावर पाय बांधलेल्या कोंबड्या. तो माणूस खळखळून हसला. घोड्यावर कोंबडी त्याने जन्मात पाहिली नव्हती. मग प्रश्नांची सरबत्ती : लांडगे आहेत का? (आहेत.) लोकर विकते का? (घोंगडी व्हायची, आता कोण घेतंय.) शेतकरी हाकलतात का? मी सांगितलं, उलट रात्री शेतात मेंढरं बसवायला धान्य, पैसे देतात, लेंडीखतासाठी. हे ऐकून तो गप्प झाला. धाकट्याला म्हणाला, "हे खरं आहे का, विचार तिला पुन्हा." नंबर घेतला त्याने. फोटो पाठव म्हणाला.

त्या गप्पांत तास गेला आणि खिंडीतून त्रागासेतेकडे उतरायला लागलो तेव्हा सूर्य बुडत होता. अचानक उजवीकडच्या जंगलातून आवाज आला. रेडा दुखावला तर ओरडेल तसा, पण लांब, घोगरा, शेवटी खोकल्यासारखा. दुसऱ्या बाजूने उत्तर. मग तिसरा. मी धाकट्याचा दंड पकडला. तोही पांढराफटक. मग त्याला आठवलं : बेरेआ! सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला नर हरणं माद्यांसाठी अशी डरकाळी फोडतात, आणि हा भाग त्यासाठीच प्रसिद्ध आहे. लोक मुद्दाम दुर्बिणी घेऊन येतात. आम्ही फुकटात, दिव्यांच्या उजेडात, दातखीळ बसलेल्या अवस्थेत ऐकलं. उतारभर दोन्ही बाजूंनी ते चालूच होतं. एका वळणावर एक नर रस्त्याच्या मधोमध, शिंगं एवढी की झाड चालत येतंय असं वाटावं. आम्ही थांबलो. त्याने आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि गेला.

चौथा दिवस, मंगळवार : त्रागासेते

पाऊस. दुपारपर्यंत शेकोटीच्या चुलाणाशी बसून मोजे वाळवले. बारमध्ये भिंतीवर जुना फोटो होता. नदीभर ओंडके, आणि त्यांवर लांब आकडीची काठी घेऊन उभी माणसं. हे गान्चेरो. रस्ते नव्हते तेव्हा या डोंगरांतला पाइन हुकार आणि ताहो या नद्यांच्या पाण्यातून ओंडके-ओंडके खाली नेत. ओंडक्यावर तोल सांभाळत आठवडेच्या आठवडे.

पाऊस थांबताच सगळं गाव वेताच्या टोपल्या आणि छोट्या सुऱ्या घेऊन जंगलाकडे. अळंबी! प्लास्टिकची पिशवी नाही, टोपलीच, म्हणजे फटीतून बीजाणू सांडत जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. परवाना लागतो, आणि कुणी जागा सांगत नाही. आम्ही कुएर्वो नदीचा उगम पाहायला गेलो. फोटोंमध्ये शेवाळावरून झिरपणारा हिरवा पडदा असतो. सप्टेंबरात पडद्याचे चार धागे शिल्लक. हिवाळा सरताना या, असं तिथल्या बाई म्हणाल्या. रात्री मात्र त्या नारिंगी अळंब्या लसणात परतून आल्या आणि दिवस वसूल झाला.

पाचवा आणि सहावा दिवस : हुकारच्या काठाने क्वेन्का

इथून नदी बरोबर आणि उतार पायाखाली. पाचव्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण तो फारच सुखाचा होता. धरणाचं हिरवं पाणी, उन्या गावचं वेतांनी वेढलेलं तळं, वर कड्यावर गिधाडं. आपल्याकडे गिधाडं दिसेनाशी झाली, इथे तीस-चाळीस एका वेळी डोक्यावर घिरट्या घालतात. मी मान दुखेपर्यंत बघत बसले.

वाहनांबद्दल एक शब्द. सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा इथे कायदा आहे, आणि लोक तो पाळतात. वळणावर गाडी दोन-दोन मिनिटं मागे रांगत राहते, हॉर्न नाही. पहिल्या दिवशी मला मागे कुणी चोर लागलाय असं वाटलं होतं. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. टायर चाळीस मिलिमीटरचे असले तर कच्च्या रस्त्यांचा मोह पुरवता येतो. सुटे भाग बरोबरच हवेत, तेरुएल सोडल्यावर क्वेन्कापर्यंत आम्हाला सायकलचं दुकान दिसलं नाही. डोंगरात फोनला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून घ्या.

सहाव्या दिवशी सियुदाद एन्कान्तादा, मंतरलेलं शहर. पाण्याने झिजवलेले चुनखडीचे खडक, कुठे जहाज, कुठे पूल, आणि एक तोर्मो आल्तो, बारीक देठावर पेललेलं प्रचंड डोकं. जागा खासगी मालकीची, तिकीट आहे. प्रत्येक खडकाला नावाची पाटी लावलीय, 'अस्वलं', 'कासव', 'सील' वगैरे. त्या पाट्या नसत्या तर जास्त मजा आली असती. त्यापेक्षा खालच्या रस्त्यावरचं बेन्तानो देल द्याब्लो, सैतानाची खिडकी, मला जास्त आवडलं. खडकाला भोक, भोकातून थेट दरीत नजर, तळाशी हुकार, काचेच्या बांगडीच्या हिरव्या रंगाची.

क्वेन्का दोन विळ्यांच्या मध्ये बसलंय, एका बाजूला हुकार, दुसऱ्या बाजूला उएकार. जुन्या गावात शिरायचा चढ शेवटचा आणि सगळ्यात उभा, गुळगुळीत दगडांचा. मी उतरून ढकलली, धाकट्याने हट्टाने चालवली आणि चौकात पोचून जमिनीवर बसला. दरीवर झुललेली घरं बघायला पलीकडच्या लोखंडी पुलावर जायचं. लाकडी फळ्या पायाखाली हलतात, खाली चाळीस मीटर मोकळं. घरांच्या बाल्कन्या शून्यात काढलेल्या आहेत. त्याच घरांत 1966 पासून अमूर्त चित्रांचं संग्रहालय आहे. चित्रांमधल्या खिडकीतून दरी दिसते आणि चित्रकारांची पंचाईत होते. खाली उतरून आलाहू खाल्लं. मध, बदाम, पावाचा चुरा, वर-खाली पातळ पापडी. अरबांकडून आलेलं. चिक्की आणि लाडू यांचं लग्न लावल्यासारखं. धाकट्याने साराहो मागवले, म्हणजे द्राक्षवेलीच्या काटकीला गुंडाळून तळलेलं कोकराचं आतडं. मी दुसऱ्या टेबलावर बसले.

नोव्हेंबरच्या मध्यात मी पुण्यात परतून महिना उलटला होता. सकाळी फोनवर फोटो आला : धुकं, 75 मीटर कुठेच नसलेली वाट, मेंढरांच्या पाठी आणि कोपऱ्यात कुत्र्याचं शेपूट. खाली एक ओळ, भाषांतर धाकट्याने करून दिलं. "आम्ही निघालो. तुमचे निघाले का?"

त्या रविवारी भोरच्या रस्त्याला मुद्दाम गेले. नेरे गावाच्या अलीकडे वाडा भेटला. घोडा होता, सामान होतं, कोंबड्या मात्र या वेळी टेंपोत. त्यातल्या बाईला मी म्हटलं, एक कोंबडी घटकाभर घोड्यावर ठेवता का, फोटो हवाय. ती म्हणाली, "कुनाला दाखवायचाय?" स्पेन कसं सांगणार? "लांबच्या धनगराला," म्हटलं. तिने लगेच दोन ठेवल्या.